तिसरा बोल्ट

२५ ऑगस्ट १९३७, बुधवार

मोटार सापडली. पेठच्या रस्त्याला, शेताच्या बांधाशी, पेट्रोल संपलं म्हणून तिथेच टाकून दिलेली. स्टेपनी गेली. गाद्यांवर चिखलाच्या पायांचे ठसे. इंजिन मात्र शाबूत.

सोमवारी साहेब त्र्यंबकला फेरीला गेले आणि मी चहाला गेलो. दहा मिनिटं, जास्त नाही. परत आलो तर जागेवर नुसता तेलाचा डाग. खंडेरावसाहेबांची गाडी, नाशकात बोटांवर मोजण्याएवढ्या मोटारी, त्यातली एक — आणि ती माझ्या हातून गेली.

साहेब एवढंच म्हणाले, "झालं ते झालं. टायर तपासून घे." दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

२९ ऑगस्ट, रविवार

गावात तोंड दाखवायची सोय राहिली नाही. टांगेवाले विचारतात, "काय रंगनाथराव, मोटार आज कुठल्या गावाला?" आणि हसतात. बाजारातून येताना मी मागच्या गल्लीने येतो.

घरी मालन आहे. सहावा महिना आहे तिला. लग्नाला सहा वर्षं झाल्यावर हे पहिलं. अशा वेळी नवऱ्याची नोकरी टांगणीला! साहेब काढणार नाहीत, पण पुन्हा असं झालं तर मीच टोपी काढून त्यांच्या हातात देईन. ठरवलं.

५ सप्टेंबर

दिवसभर बद्रुद्दीन मिस्त्रीकडे होतो. आग्रा रोडवर त्यांचं गॅरेज. मला स्पॅनर धरायला त्यांनीच शिकवलं. मी म्हणालो, गाडीला राखणदार पाहिजे. मिस्त्री म्हणाले, "कुत्ता पाळ." मी म्हणालो, विजेचा.

रात्रंदिवस तेच डोक्यात आहे. दार उघडलं की पितळी पट्टी पट्टीला टेकेल, बॅटरीचा करंट भोंग्याला जाईल. पण दार पुन्हा लावलं की पट्ट्या सुटतील आणि भोंगा गप्प बसेल. चोराने दार लावून घेतलं की संपलं. मग काय उपयोग?

११ सप्टेंबर

सुचलं! तारेचं वेटोळं आणि मधे लोखंडाची जीभ. दार उघडताच वेटोळं जिभेला ओढून धरणार आणि धरूनच ठेवणार. मग दार लावा, आपटा, काय वाटेल ते करा. भोंगा चालूच. बंद करायची वाट एकच, ती माझ्या हातात.

वेटोळं तीनदा फसलं, चौथ्यांदा जमलं. मिस्त्रींनी चष्मा वर करून बघितलं. मग म्हणाले, "कुणी शिकवलं रे तुला हे?" मी म्हणालो, तुम्हीच. खरं तर कोणीच नाही!

१८ सप्टेंबर

बसवलं. चारी दारांना पट्ट्या, बॉनेटलाही एक. शिवाय इंजिनाचा करंटही त्याच कळीतून नेलाय. राखण जागी असेल तर भोंगा ओरडणारच, आणि गाडी सुरूही होणार नाही.

कळ कुठे आहे ते फक्त इथे लिहितो. ड्रायव्हरच्या बाजूच्या पायरीवर सहा बोल्ट आहेत. पुढून तिसरा खोटा. चिमटीत धरून उजवीकडे पाव फेरा दिला की राखण जागी. डावीकडे पाव फेरा दिला की निजली. जागवताना आधी सगळी दारं लावायची, मग बोल्ट. उघडताना आधी बोल्ट, मग दार. क्रम चुकला की गल्ली गोळा होते. आज दोनदा झाली.

लोकांसमोर फिरवायचं कसं, तेही बसवून ठेवलंय. पाय पायरीवर ठेवायचा, वाकून पिवळ्या फडक्याने बूट पुसायचा. फडक्याआड चिमूट. सगळ्यांना वाटतं, रंगनाथ फार टापटिपीचा झाला.

२५ सप्टेंबर, शनिवार

आजचा दिवस लिहून ठेवण्यासारखा.

साहेबांबरोबर लासलगावला. बाजारात बैलगाड्यांची ही दाटी. गाडी उभी केली, बूट पुसला, साहेबांच्या मागे निघालो. पन्नास पावलंही गेलो नसेन. भोंगा! थांबेचना. बैल उधळले, एक गाडी कांद्यांसकट कलंडली. धावत आलो तर अडत्याचा कारकून कांद्यांच्या ढिगात बसलेला. बिचारा साहेबांना वानगीची पिशवी गाडीत ठेवायला आला होता.

मी शांतपणे पाय पायरीवर ठेवला. बूट पुसला. भोंगा बंद. सगळा बाजार बघत होता आणि कोणाला काही कळलं नाही!

साहेब कपाळाला हात लावून हसत सुटले. चार व्यापाऱ्यांना बोलावून सांगितलं, "हा माझा ड्रायव्हर रंगनाथ. ही करामत यानं घरच्या घरी केलीया. लय डोकं हाय याला." बैलवाल्याचे कांदे मी स्वतः भरून दिले.

३ ऑक्टोबर

आता टांगेवालेच मला थांबवतात. "दाखवा की राव एकदा." मी दार उघडून भोंगा वाजवून दाखवतो. बंद कसा केला ते मात्र दाखवत नाही. एकाने तर माझ्या बुटाला हात लावून बघितला, कळ बुटात आहे असं वाटून! मी मुख्य रस्त्याने येतो हल्ली. गंगापूर रस्त्यापासून भद्रकालीपर्यंत मधोमध.

साहेबांनीही विचारलं, कळ कुठे आहे म्हणून. मी म्हणालो, जितक्या कमी जणांना ठाऊक तितकं बरं, साहेब. हसले. मालकाला मी नाही म्हणालो! वर त्यांनी ते मानलंही.

१० ऑक्टोबर

बद्रुद्दीन मिस्त्री आज चिडले. म्हणाले, "रंगनाथ, कळ मला नको सांगू. पण कोणा एकाला सांगून ठेव. उद्या तू तापाने पडलास तर? मालकाची गाडी काय बैल लावून ओढायची?" मी म्हणालो, मी तापाने पडत नाही.

त्यांना जरा लागलं असेल. चेल्याने आपल्याला न येणारी गोष्ट केली, हे कोणाला आवडतं?

रात्री जेवताना मालनही म्हणाली, "मला तरी सांगा. मी कोणाला सांगणार हाय?" मी म्हणालो, तुझ्या पोटात काही राहायचं नाही. तशी पोटावर हात ठेवून म्हणाली, "राहिलंय की हे." मी हसून ताट पुढे केलं. पण सांगितलं नाही.

१४ ऑक्टोबर, दसरा

पहाटेच गाडी धुतली. झेंडूचं तोरण पुढे, आंब्याचे डहाळे दोन्ही दिव्यांना. मालनने हळद-कुंकू कालवून दिलं. पूजा मी केली. पुढची दोन चाकं, मागची दोन, स्टिअरिंग, बॉनेट, भोंगा. सगळ्यांना बोट लावलं. मग वाटलं, ज्याने माझी अब्रू परत आणली त्याला सोडून कसं चालेल? वाकून पायरीलाही कुंकू लावलं, बरोबर जागेवर. कोणाचं लक्ष नव्हतं, सगळे तोरणाकडे बघत होते. मनापासून हात जोडले.

बाईसाहेबांनी, म्हणजे सिंधुबाईंनी, गाडीला ओवाळलं. चाकाखाली लिंबू ठेवून गाडी पुढे घेतली. संध्याकाळी मिस्त्री सोनं द्यायला आले, गाडीभोवती एक चक्कर मारून गेले. राग गेलेला दिसला. बरं वाटलं.

दसऱ्याचं कुंकू पुसायचं नसतं, आपोआप जाऊ द्यायचं. तेवढं सोडून रोज गाडी धुईन.

२० ऑक्टोबर

आजवरची सगळ्यात मोठी गोष्ट. साहेबांचे मुंबईचे मित्र आहेत, त्यांच्या तीन मोटारी. त्यांना राखण बघायची आहे. साहेब म्हणाले, "फळीवर नमुना तयार कर. सोमवारी आगगाडीनं जाऊ दोघं. येताना नवे टायर आणू, ह्या टायरांवर घाट नको."

मी मुंबईला! गाडी पुसायला नाही, माझं काम दाखवायला. मालनला सांगितलं तर म्हणाली, कोट इस्त्री करून ठेवते. अजून दोन महिने आहेत तिला, काळजी नाही.

२५ ऑक्टोबर, सोमवार

निघालो. गाडी शेडमध्ये, बूट पुसून.

२६ ऑक्टोबर, मुंबई

नमुना चालला. पहिल्या झटक्यात! शेटजींनी स्वतः फळीवरचं दार उघडलं, भोंग्याने सगळा दिवाणखाना दणाणला, आतून बायका धावत आल्या. शेटजी म्हणाले, विलायतेतून आणलंत का? साहेब म्हणाले, "नाशिकहून." तीनही गाड्यांना बसवून द्यायला सांगितलं. मला खुर्चीवर बसवून चहा दिला. साहेबांच्या शेजारच्या खुर्चीवर.

त्र्यंबकचा तो तेलाचा डाग आज पुसला गेला.

२७ ऑक्टोबर, आगगाडीत

अक्षर हलतंय. सकाळी तार आली. शेटजींच्या मुनीमजींनी वाचून सांगितली — बायको अत्यवस्थ, ताबडतोब या. पाठवणाऱ्या सिंधुबाई. साहेबांनी मिळेल त्या गाडीत मला बसवून दिलं. स्वतः टायर घेऊन उद्या येतात.

दोन महिने आधी. बंगला गावाबाहेर, आमची खोली त्याच्याच आवारात. टांगा मिळेल, पण अडलेल्या बाईला त्या रस्त्याने टांग्यातून नेणं म्हणजे — आणि शेडमध्ये मोटार उभी आहे. चालवायला मिस्त्री आहेत. पण ती सुरू होणार नाही. मीच तशी करून ठेवलीय. दार उघडायचा अवकाश, भोंगा ओरडत राहील आणि इंजिन ढिम्म हलणार नाही. मिस्त्रींनी एकेक तार शोधायची म्हटली तरी तास जाईल.

एकाला सांगून ठेव म्हणाले होते. मालनने तर मागून घेतलं होतं. मी काय उत्तर दिलं ते याच वहीत लिहिलंय, मागच्या पानावर. ते पान उघडवत नाही.

कसारा आला. गाडी किती हळू चढते.

२८ ऑक्टोबर

मुलगी झाली. एवढीशी आहे, कापसात ठेवलीय. दोघी जिवंत आहेत. मालन डोळे उघडते आणि पुन्हा मिटते.

काल स्टेशनवरून घरी गेलो. अंबूबाई सुईण ओट्यावर होती. म्हणाली, मूल आडवं होतं, माझ्या हातचं काम नव्हतं, दवाखान्यात नेली. धावत दवाखान्यात आलो. नर्सबाई म्हणाल्या, वेळेवर आणली. आणखी अर्ध्या तासाने काही सांगता आलं नसतं.

मोटार दवाखान्याच्या आवारात उभी होती! मिस्त्रींनी माझी राखण मोडून काढली तर. मोडेनात का. दहा वेळा मोडा. त्यांचे पाय धरायला गॅरेजवर जायचंय.

मालन झोपल्यावर खाली जाऊन गाडी बघितली. एक तार तुटलेली नाही. पट्ट्या जागेवर, वेटोळं जागेवर. तिसरा बोल्ट डावीकडे पाव फेरा, मी फिरवतो तसाच. काही कळेना.

३१ ऑक्टोबर, रविवार

मालनला आज उशीला टेकून बसवलं. दूध प्यायली. मग मी विचारलं, बोल्ट कोणी फिरवला?

"मिस्त्रींनी. कुंकू लावलेला फिरवला."

मी दुधाचा पेला खाली ठेवला. तीच म्हणाली, "सहा बोल्ट, आन कुंकू एकालाच. बाईसाहेबांनी ओवाळतानाच बघितलं. साहेबांनाबी ठावं हाय. मी तर तुमचं फडकं धुते, ते लालच असायचं."

म्हणजे दसऱ्यापासून सगळ्यांना ठाऊक होतं. आणि मी रोज त्यांच्यासमोर बूट पुसत होतो. मी म्हणालो, मग एकाने तरी बोलायचं होतं.

मालन मुलीचं दुपटं सारखं करत होती. म्हणाली, "त्र्यंबकपासून मान खाली घालून चालत होते तुम्ही. आता कुठं वर केली होती."