चेनपुलीवर झेंडूचा हार

२६ सप्टें., शुक्र.
सुभाष भावजी (पुढे नुसते सु.) आज कामशेतच्या वेल्डरला घेऊन आले. बोटीच्या ट्रेलरला नवा एक्सल, रुंद टायर, मागे दिवे लावायचं ठरलं. मला विचारलं नाही. बोट ह्यांनी घेतलेली, वडिवळे धरणावर लोकांना फिरवायची म्हणून. हे गेल्यापासून सु. चालवतात, तिकिटं मी फाडते.

गंजका ट्रेलर घर ते धरण एवढाच जायचा. आता दिवे कशाला? पाण्यात का लावायचे? पवना धरणावर न्यायचा डाव आहे. एकदा हायवेला लागली की बोट परत यायची नाही, आणि मी फक्त भाकरी थापायला उरेन.

२८ सप्टें., रवि.
सासूबाईंना सांगितलं. "तुमचं तुमी बघा," म्हणाल्या. थोरला गेला तेव्हापासून त्यांचं सगळं धाकट्यावर.

३० सप्टें., मंगळ.
बोट उचलली. दोन्हीकडे लोखंडी घोड्या, वर आडवा गर्डर, त्याला चेनपुली, बोटीखालून पट्टे. आत पावसाचं पाणी तसंच! सगळं पुढं धावलं, नाक खाली गेलं, पट्टा सरकला. मीच ओरडले, तळाचं बूच काढा आधी. काढलं. "म्हाईत हाय," सु. म्हणाले. माहीत असतं तर.

जुना ट्रेलर वेल्डरकडे ओढून नेला. नवा होऊन उद्या सकाळी येणार, म्हणून बोट तशीच लटकती ठेवली. खाली टेकण नाही. हे असते तर

१ ऑक्टो., खंडेनवमी
पहाटे अंघोळ करून चेनपुलीला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला, नारळ फोडला. विळे, नांगर, टिकाव सगळ्यांची पूजा होते, पुलीनं काय पाप केलं? नवा ट्रेलर आला तर सु. हार बघून उभेच राहिले. पूजलेलं हत्यार आज चालवायचं नाही.

"वहिनी, तुमी मुद्दाम केलं."
"व्हय."

सासूबाईंनी आधीच हात जोडलेले. सु. दिवसभर जेवले नाहीत. मी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. लय बरं वाटलं.

दुपारनंतर वारा सुटला. बोट हेलकावे खायला लागली, पट्टे कुरकुरत होते. तेव्हा कळलं, आपलीच बोट आपणच अधांतरी बांधून ठेवली. पडली तर तळ फुटेल, मग पवना नाही आणि वडिवळेही नाही. पूजा पुलीची झाली होती, टायरांची नाही. दिवेलागणीला जुने टायर आणि लाकडाचे ओंडके बोटीखाली रचायला गेले. सु. आधीच तिथे, तेच करत. एकमेकांकडे बघितलं नाही. मी ओंडका पुढे करायची, ते सरकवायचे. बोट टेकली. मग दोघं दोन दारांनी घरात.

२ ऑक्टो., दसरा
सकाळी टेकणं काढली, बोट नव्या ट्रेलरवर उतरवली. साखळी त्यांच्या हातात, नाकाची दोरी माझ्या. नीट बसली. ट्रेलर चांगला झालाय, हे त्यांना सांगणार नाही.

संध्याकाळी सोनं वाटलं. सासूबाईंच्या पाया पडले. माझ्यासाठीची आपट्याची पानं सु. तुळशीच्या कट्ट्यावर ठेवून गेले, हातात दिली नाहीत. मी उचलली नाहीत.

३ ऑक्टो., शुक्र.
ट्रेलरचं तोंड रस्त्याकडे वळवलेलं. विचारलं तर म्हणाले, वेल्डरला दिवे बघायचेत. मी दोन्ही चाकांना दगड लावले, त्यांच्या देखत.

४ ऑक्टो., शनि.
सकाळी एका चाकाचा दगड काढून बाजूला ठेवलेला. दुसरा जागेवर. तेवढ्यात कुणी आलं, की मन बदललं? सु. ओट्यावर चहा पीत होते, माझ्याकडे बघतच होते.

वेताळाच्या बांधावरून मोठा दगड पहारीनं लोटत आणला, चाकाला लावला. कट्ट्यावरची पानं अजून तिथेच आहेत, सुकली.