घंटी वाजल्यानंतरची प्रार्थना

प्रिय दादा,

पाकिटावर माझं अक्षर बघून घरी काहीतरी वाईट घडलं असं तुला वाटलं असेल. तर आधीच सांगते, सगळे धडधाकट आहेत. आईचे गुडघे कुरकुरतात, ती त्यांच्यापेक्षा जास्त कुरकुरते. इकडे मोकपोत हवा इतकी दमट आहे की वाळत घातलेल्या मिरच्या घरात पंख्याखाली आणल्यात आणि सगळं घर शिंकतंय. तू फोन नंबर बदललास, म्हणून पत्र. पत्ता कुठून मिळवला ते विचारू नकोस.

बाबांबद्दल लिहायचंय. थांब, फाडू नकोस.

आजीच्या अंत्यविधीबद्दल आपण कधी बोललोच नाही. चर्चमधले सगळे तिच्या फोटोसमोर शेवंतीचं फूल ठेवून उभ्याउभ्या प्रार्थना करत होते. तू मात्र गुडघे टेकून, कपाळ जमिनीला लावून जुन्या रीतीने नमस्कार केलास. तिने तुझ्याकडून तसं कबूलच करून घेतलं होतं. तिला कुठे चर्च पटलं होतं! तू दुसऱ्यांदा वाकलास आणि बाबांनी कॉलर धरून तुला उठवलं. "मी चर्चचा एल्डर, आणि माझ्या घरात मेलेल्यांची पूजा? चालता हो!" सगळ्या मंडळीसमोर. तू चालता झालास तो झालासच.

आता परवाच्या बुधवारचं ऐक. चर्चमध्ये सगळे एकदम, मोठमोठ्याने, आपापली प्रार्थना करतात तो गलका तू विसरला नसशील. कुणाचं कुणाला कळत नाही, म्हणून तर माणसं मोकळी होतात. पाळकांनी थांबायची घंटी वाजवली, सगळे गप्प झाले. बाबा सोडून. त्यांना हल्ली कमी ऐकू येतं आणि कानाचं मशीन लावायची लाज वाटते. डोळे मिटून, बाकावर मूठ आपटत त्यांचं चालूच. "प्रभू, पोरगं आजीला नमस्कार करत होतं. माझीच आई ती! ती गेली तेव्हा मी चर्चच्या मीटिंगमध्ये बसलो होतो. याने तिचं सगळं केलं, ते मला बघवेना. म्हणून ओढलं त्याला. तुझं नाव नुसतं पुढे केलं. श्रद्धाबिद्धा काही नव्हती त्यात."

दादा, सगळ्या चर्चने अक्षर न् अक्षर ऐकलं. शेवटी मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्या बंग आजीने त्यांची बाही ओढली. "अहो एल्डरसाहेब, देवाला पोचलं, आम्हालाही पोचलं. आता पोराला कधी पोचवताय?" कुणीतरी फिस्सकन हसलं. मीच असेन. बाबांचे कान लालबुंद. आईने घाईघाईत त्यांच्या हातात गीतांचं पुस्तक दिलं, तेही उलटं.

मला वाटलं, घरी आता आदळआपट होणार. बाबा निमूट जेवायला बसले. मग आईला म्हणाले, "देवाने माफ केलंही असेल. पण कॉलर काही मी देवाची धरली नव्हती." आणि आणखी एक वाडगा भात मागितला. तू गेल्यापासून आमच्या घरात कुणी घाससुद्धा आवाज करून चावत नव्हतं. त्या दिवशी मी मुळ्याचं किमची कडाकडा चावून खाल्लं, आई ओरडली, "गुरं बरी!" आणि मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू.

तू माफ करायलाच हवंस, असं मी म्हणणार नाही. चर्चमध्ये लोक हे वाक्य फार स्वस्तात वापरतात, आणि कॉलर माझी नव्हती.

पण शनिवारी बाबा सोक्चोला येतायत. तुझ्या दारात. "त्याला कळवू नकोस, कुलूप लावून पळेल," अशी मला तंबी आहे. तरी कळवतेय, कारण दारात ते काय बोलतील ते मला आत्ताच ऐकू येतंय: बस केवढी रखडली, तू किती वाळलास, हे काय केस वाढवलेत. जे बोलायला येतायत ते जिभेवर येईल याची मला खात्री नाही, आणि तू तोवर दार लावून घेशील. म्हणून ते बुधवारी जे बोलून गेले, ते मी तुला आधीच पाठवतेय. भांडायचं असेल तर आत घेऊन भांड. संध्याकाळी तिकडून परतीची बस नाही, मी बघितलंय.

तुझीच, आत्ताही शिंकणारी,
सेउन