बर्फाचे पाच कंदील

कुहमो, फिनलंड
९ डिसेंबर

तौनोदादा,

परवा बाबा तळ्यावर बर्फाखालची जाळी काढायला गेले आणि वादळ सुटलं. दुपारी तीनलाच काळोख झाला. तू शिकवल्याप्रमाणे मी बादल्यांत पाणी गोठवून, मधलं न गोठलेलं पाणी ओतून टाकून पाच कंदील केले होते. ते काठावर मांडून आत मेणबत्त्या लावल्या.

त्यांची हाक आली, पण नदीच्या मुखाकडून. तिथला बर्फ किती पातळ असतो, तुला माहीत आहे.

"बाबा, मागे फिरा. उजेडाकडे या."

"कंदील कुणी लावलेत? तौनो आलाय?"

तू स्वीडनला गेल्यापासून सात वर्षांत त्यांनी तुझं नाव घेतलं नव्हतं.

"हो बाबा, तौनोच आलाय," मी म्हणाले. ते घाबरून म्हटलं, असं मी स्वतःला सांगते. खरं तर मला तसं म्हणायचंच होतं.

ते आले. काठावर मी एकटीच होते.

"लबाड कुठली," एवढंच म्हणाले. घरात शिरल्यावर अंगातला कोटही न काढता त्यांनी तुझ्या खोलीतली शेगडी पेटवली. दोन दिवस ती विझू दिलेली नाही.

तू येत नाही म्हणालास, तर त्यांना कोणत्या तोंडानं सांगू? म्हणून हे पत्र टपालपेटीत टाकवत नाही.

तुझी धाकटी,
हेल्मी