पहिला तोडा

अंधेरी, मुंबई
२२ सप्टेंबर १९९८

ती. दादास,
सा. न. वि. वि.

सोबत कॅसेट पाठवली आहे. वरचा फोटो माझाच आहे, पण नाव दिशा लिहिलंय. चंद्रभागा नावाच्या पोरीची कॅसेट कोण घेणार, असं कंपनीच्या साहेबांचं म्हणणं. वहिनीला सांग, हसू नको. ‘उतरती दुपार’ हे कॅसेटचं नाव. आठ गाणी आहेत, दोन महिने स्टुडिओत घासून बसवलेली.

आई विचारेल, हे कसलं गं गाणं. तिला सांग, याला रिदम अँड ब्लूज म्हणतात. अमेरिकेतले काळे लोक कापसाच्या रानात राबताना गायचे, त्यातूनच हे पुढे वाढलं. आई झेंडू तोडताना ओठ मिटून गुणगुणते ना, तसंच. दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं मी तिच्या त्या गुणगुणण्यावरच बांधलंय. आधी सांगू नकोस, ओळखते का बघ.

निफाडचं स्थळ मोडून मी मुंबईला आले त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून आई माझ्याशी धड बोललेली नाही. घरी आले की ताट वाढते, बास. म्हणून तिला म्हणावं, हा माझा पहिला तोडा आहे, तुझ्या हाती देते. ती काय म्हणाली ते शब्दन्शब्द लिही. माझा जीव त्यातच अडकलाय.

वहिनीला नमस्कार. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नका.

तुझी,
चंद्रभागा


मखमलाबाद, नाशिक
५ ऑक्टोबर १९९८

चि. चंद्रभागा हिस,
अनेक आशीर्वाद.

कॅसेट ऐन नवरात्रात पोचली. दसऱ्याच्या तोडणीत उत्तराला उशीर झाला, रागावू नको. या साली झेंडू लय फुटला. पहिला तोडा रीतीप्रमाणे गडावरच्या देवीला धाडला, घरात कुणी वासही घेतला नाय. बाकीचा टेम्पोने फुलबाजारात गेला.

सांगू नको म्हणालीस तेवढं वगळून तुझं पत्र आईला दोनदा वाचून दाखवलं. तिने कॅसेट पदरात घेतली, फोटोला हळदकुंकू लावलं. वाळली गं पोर, म्हणाली. गाण्यांचं म्हणशील तर बरं हाय म्हणाली. तुला ठाऊकच आहे, ती जास्त बोलत नाय.

मेन रोडच्या दुकानात तुझी कॅसेट मिळंना. कधी येईल ते कळव. जिवाला जप, जेवणाची आबाळ करू नको.

तुझा दादा,
रंगनाथ


अंधेरी
१० नोव्हेंबर १९९८

ती. दादास,
सा. न. वि. वि.

बरं हाय! अरे, कारल्याच्या भाजीलाही आई बरी झाली म्हणते. शेवटचं गाणं तिने ओळखलं की नाही, त्याबद्दल तू अवाक्षर काढलं नाहीस. म्हणजे ओळखलं नाही, असंच मी धरते. वाईट वाटलं, लपवत नाही.

दुकानात कॅसेट नाही, कारण पहिली खेप हातोहात संपली. नवी संक्रांतीपर्यंत येईल. कार्यक्रमांच्या धांदलीत दिवाळीला येता आलं नाही. आईला नमस्कार सांग. राग असला तरी राहू दे, पण विसरू नका.

तुझी,
चंद्रभागा


मखमलाबाद
२० जानेवारी १९९९

चि. चंद्रभागा हिस,
अनेक आशीर्वाद.

खेप संपल्याचं वाचून दाखवलं, तर आईने शेजारच्या सुलाबाईपासून थेट फुलबाजारापर्यंत सगळ्यांना सांगितलं. दर बुधवारी फुलं विकली की मेन रोडला जाऊन दुकानदाराला विचारते. तो आता लांबूनच मान हलवतो. एक कॅसेट विकत घ्यायचीच म्हणते. पाहुण्यांना द्यायची असेल. नवी खेप कधी येते ते नक्की लिही.

तिचे पाय सुजलेत. डॉक्टर हृदयाचं दुखणं सांगतात, चढ चढू नका म्हणतात. ही मात्र चैत्रात गडावर जायचंच म्हणून हटून बसलीय. जमलं तर येऊन जा. वाट बघतोय.

तुझा दादा,
रंगनाथ


अंधेरी
२ फेब्रुवारी १९९९

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पाहुण्यांना वाटायला कॅसेट हवी, आणि माझ्या गाण्यासाठी तिच्याकडे एक शब्द नाही. वाईट आहे म्हणाली असती तरी चाललं असतं रे. नवी खेप अजून आलेली नाही.

आईच्या गोळ्या चुकवू नका. महिनाअखेरीस येते, मग तिलाच विचारीन.

तुझी,
चंद्रभागा


मखमलाबाद
१४ मार्च १९९९

चि. चंद्रभागा हिस,
आशीर्वाद.

तू यायच्या आदल्या दिवशी आई गेली आणि दहावं उरकून तू परतलीस. मी तुझ्या तोंडाकडे बघत होतो, पण बोलायचा धीर झाला नाय. सुतकात देव्हारा झाकलेला होता. तेराव्यानंतर तुझ्या वहिनीने उघडला. देवीच्या टाकामागे तुझी कॅसेट आहे. वरचा चकचकीत कागदसुद्धा फाडलेला नाय.

आईने ती ऐकलीच नाय गं. तू पहिला तोडा असं लिहिलंस. आई म्हणाली, मग हा देवीचा, आपण आधी चाखायचा नाय, चैत्रात मी माझ्या हाताने गडावर नेईन. आपल्याला ऐकायला दुसरी विकत आणू. लेकीचा माल फुकट मागायचा नाय. तुला कळलं तर तू लगेच पाठवशील, म्हणून तिने मला शपथ घातली. बरं हाय हे मी माझ्या मनचं लिहिलं.

दवाखान्यात मी म्हणालो, आता ही उघडतो, देवी रागवायची नाय. तर नवी खेप येऊ दे म्हणाली. तिच्या चंचीत चाळीस रुपये घडी घालून ठेवलेले सापडले. आता कॅसेटचं काय करू ते कळव. मला माफ कर.

तुझा,
रंगनाथ


अंधेरी
१९ मार्च १९९९

ती. दादास,
सा. न. वि. वि.

माफी तू कसली मागतोस? नवी खेप कधी नव्हतीच, दादा. जुनीच खपली नाही. नाशिकच्या दुकानांनी तर मागवलीसुद्धा नव्हती. संक्रांतीच्या आधी कंपनीने परत आलेला माल माझ्या खोलीवर आणून टाकला. अकरा खोकी आहेत, झोपायलाही जागा उरली नाही. खेप अजून आलेली नाही, हे मी तुला त्यातल्याच एका खोक्यावर बसून लिहिलं. हात खाली घातला असता तरी आईची कॅसेट मिळाली असती. माझी फजिती घरी कळेल या लाजेने एकही पाठवली नाही.

आणि पहिला तोडा हे शब्द माझेच. फुलं तोडत वाढलेली पोर मी, आणि पहिल्या तोड्याचं घरात काय करतात ते विसरले. मला वाटत राहिलं की ती अबोला धरून बसलीय. ती तर मेन रोडला माझी कॅसेट मागत फिरत होती.

देव्हाऱ्यातली उघडू नकोस. चैत्रात गडावर नेऊन दे. सोबत दुसरी पाठवते आहे. तिचे चाळीस रुपये मला मनीऑर्डरने पाठव. ही कॅसेट आईने विकत घेतलीय, फुकट नाही.

आली की सकाळी तोडणीच्या वेळी टेप बांधावर ठेव आणि दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं लाव. तू तिच्या शेजारच्या सरीत फुलं तोडत मोठा झालास. ते गुणगुणणं तिचंच आहे का, ते आता तूच सांगू शकतोस. काय वाटेल ते लिही, दादा, पण बरं हाय असं लिहू नकोस.

तुझी,
चंद्रभागा