सामानापाशी कोण बसणार

३ फेब्रुवारी, सोमवार

आणि वर मलाच विचारतात, तोंड का पाडलंयस! पाडू नको तर काय करू? दोन दिवसांची ट्रिप, सगळ्यांची वर्गणी सारखी, आणि लाइटहाऊस आलं की सगळ्यांच्या माना माझ्याकडे. "सामानापाशी कोण बसणार?" विचारतात असं, जणू काही उत्तर कुणाला ठाऊकच नाही. थोरल्या जाऊबाई तर विचारायच्या आधीच पर्स माझ्या मांडीवर टाकून मोकळ्या. गाडीवाला आम्हाला उतरवून दुसरं भाडं करायला गेलेला, म्हणून सगळ्या बॅगा रस्त्यावर.

दर वर्षी हेच. धबधबा झाला, किल्ला झाला, मोठी बाग झाली. मी गावं पाहिली म्हणते ती सगळी बाकावरून पाहिली. कुठल्या गावात बाक कसला ते मला विचारा. लाकडी, सिमेंटचा, एकाला तर एक पायच नव्हता, दगड लावला होता.

या वेळी बदामाच्या झाडाखाली. वर गेले ते गेलेच सगळे. शेवटी डोकं फिरलं आणि जाऊबाईंच्या मोठ्या बॅगेला मी लाथ घातली. सणसणीत. आडवी झाली. कुणी पाहिलं नाही ते एक बरं.

ही वही पोरीने पाठवली, तिच्या नोकरीच्या गावाहून. म्हणाली, आई, तू बोलतेस ते लोकांना लागतं, निम्मं वहीत बोलत जा. शाळा चौथीपर्यंत, अक्षर वेडंवाकडं. चालेल. वाचणार कोण!

४ फेब्रुवारी, मंगळवार

दिवसभर इस्त्री. कुणाशी बोलले नाही. कॉलरी मात्र फार सुंदर निघाल्या.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

मला एक कळत नाही.

जाऊबाई कपडे टाकायला आमच्या इस्त्रीच्या दुकानात आल्या. मी सहज विचारलं, वरून काय काय दिसलं? म्हणाल्या, "अगं, सगळं जग दिसतं! जहाजं खेळण्यासारखी. आणि भाऊजी म्हणजे! पुढे एवढा समुद्र, आणि हे उलट्या बाजूला गावाकडे तोंड करून उभे. फोटोत यायला तयार नाहीत."

त्या गेल्यावर यांना विचारलं. हे पाणी मारत होते कपड्यांवर. म्हणाले, काही नाही दिसलं, धुकं होतं.

खाली तर ऊन चटके देत होतं, म्हटलं.

"वर वेगळं असतं," म्हणाले.

एकीला जग दिसतं, एकाला धुकं. चढले ते एकाच मनोऱ्यावर ना? रात्री पोरीला फोन केला, वर धुकं आणि खाली ऊन असं असतं का गं? ती म्हणाली, असूही शकेल आई, जाऊन बघ. चेष्टेत म्हणाली. पण माझ्या डोक्यात ते बसलं. जाऊन बघ.

११ फेब्रुवारी, मंगळवार

पुढची ट्रिप ठरली म्हणे. डोंगरावरच्या थंड हवेच्या गावाला. २ मार्चला, रविवारी, जाऊबाईंकडे पैसे भरायचे. म्हणाल्या, तू आहेस म्हणून बाई सामानाचा घोर नसतो आम्हाला. वर कौतुकाने पाठीवर हात ठेवला. मी इस्त्री उचलून बाजूला ठेवली, आधीच गरम होती.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

यांना सांगितलं. मी एकटी जाऊन लाइटहाऊस बघून येणार.

आधी हसले. मग म्हणाले दुकानाचं काय. म्हटलं, तुम्हाला हात आहेत. मग म्हणाले, एकटी बाई. म्हटलं, त्या बाकावर मी एकटीच होते, तेव्हा कुणाला सुचलं नाही. मग हळूच, "अगं, पण धुकं असतं तिथे."

धुकं तर धुकं. धुकं बघून येईन.

१६ फेब्रुवारी, रविवार

सामान भरलं. एकच पिशवी, खांद्याला अडकवायची. मी ठरवलंय, जी स्वतःला उचलून वरपर्यंत नेता येईल तेवढीच घ्यायची. म्हणजे मग तिच्यापाशी कुणी बसायला नको. पिशवी खांद्याला लावून आपल्याच बिल्डिंगचे जिने चढून पाहिले. दुसऱ्या मजल्यावर टेकले. खाली येऊन जाड चादर काढली. परत चढले, तिसऱ्यावर टेकले. स्टीलचा डबा काढला. वरच्या मजल्यावरची म्हातारी दार उघडून विचारते, काय हरवलं का? म्हटलं, नाही, टाकून द्यायला निघालेय.

आता गच्चीपर्यंत जाते. दम लागतो, पण जाते.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

साध्या बसने निघाले. थेट गाडी महाग आणि काचा बंद. साधी बस प्रत्येक थांब्यावर थांबते, पण मला कुठे साहेबाला भेटायचंय? खिडकी उघडी, गावं येतात नि जातात. कुठे शाळा सुटलीय, कुठे कुणी छपरावर चढून पत्रा ठोकतोय. ट्रिपच्या गाडीत मी कायम मधल्या सीटवर, दोन बॅगांच्या मध्ये. रस्ता असा असतो हे मला माहीतच नव्हतं.

शेजारी एक बाई. केस कापलेले, पाठीवर पिशवी, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी. नर्स होती, आता रिटायर. एकटीच फिरते. नवरा? म्हटलं. म्हणाली, घरी आहे, त्याला स्वतःची गादी सोडून झोप येत नाही, मी का जागू? मला फार आवडली.

माझी पिशवी मांडीवर घेऊन तिने वजन केलं आणि म्हणाली, "ताई, यात निम्मे 'तर' भरलेत. पाऊस आला तर, कुणी ओळखीचं भेटलं तर, आजारी पडले तर. 'तर' काढून टाका." स्वेटर तर होताच. भारीतली साडीही होती, कुणी भेटलं तर. लाज वाटली.

गाडी बदलताना रस्ता विचारायची वेळ आली. नर्सबाईंची पद्धत म्हणजे दोन माणसांना विचारायचं, आणि दुसऱ्याला विचारताना पहिला ऐकत नसला पाहिजे. पहिल्याने डावीकडे दाखवलं, दुसऱ्याने उजवीकडे. तिसऱ्याला विचारलं, तो म्हणाला, कुठूनही जा, रस्ता गोलच आहे.

जेवायच्या आधी हात धुवायला जायचं, हे मात्र माझं स्वतःचं. हात धुवायची जागा मागे असते, तिथून स्वयंपाकघर दिसतं. ते बघून बसायचं की निघायचं ते ठरवायचं. एका ठिकाणी हात धुवून सरळ बाहेर पडलो. नर्सबाई म्हणाल्या, हे मी लिहून ठेवणार.

१८, रात्री

लॉज. स्टँडपासून जरा आत, म्हणून स्वस्त. गाडी दारात थांबत नाही एवढंच, पण आम्हाला कुठे गाडी आहे? खोली आधी बघितली. नळ सोडून बघितला, कडी लावून बघितली. चादर हातात घेतली आणि नाकाला लावली. मालकीण म्हणते, धुतलेली आहे. म्हटलं, घडी नवीन आहे, चादर जुनी आहे. धुतलेल्या चादरीला सुरकुती एका दिशेने नसते, झोपलेल्या चादरीला असते. मालकीण खो खो हसली आणि आतून दुसरी आणली. धुतलेली, पण इस्त्रीच्या नावाने शंख. गप्प बसले. सुट्टीवर आहे मी.

नर्सबाईंनी पिशवी पुन्हा भरायला लावली. कपडे घडी नाही करायचे, गुंडाळी करायची म्हणे! मी चिडले. जन्म घड्या घालण्यात गेला माझा. लोकांचे शर्ट मी असे देते की घालवत नाहीत, बघत राहावेसे वाटतात. आणि ही म्हणते सुरळ्या करा. केल्या. पिशवी अर्धी झाली. सुरकुत्या पडल्या, पण इथे मला ओळखतं कोण?

मोजे आणि ब्लाउज धुतले. ओले कपडे कोरड्या टॉवेलात गुंडाळून त्यावर उभं राहायचं, पाणी निघतं, सकाळपर्यंत वाळतात. दोघी मिळून टॉवेलावर नाचलो. खालून मालकिणीने काठीने ठोकलं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

नर्सबाई पहाटे पुढच्या गावाला गेल्या. मी एकटी लाइटहाऊसला, चालत. रस्त्यात कुणाला "मॅडम रिक्षा" म्हणू दिलं नाही.

तेच बदामाचं झाड. तोच बाक. बसले नाही.

फाटकापाशी तिकीटवाला खुर्ची टाकून बसलेला. तिकीट फाडलं आणि म्हणाला, "सामान वर नेता येत नाही, जिना अरुंद आहे. कुणाला तरी बसवा सामानापाशी."

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली! एवढे जिने चढून पिशवी हलकी केली ती कशाला? म्हटलं, कुणाला बसवू, मी एकटीच आहे. पुढचं भांडण मी मनात तयार करत होते. तर तो म्हणाला, "मग द्या इकडे. मी तर दिवसभर बसलेलाच आहे." आणि माझी पिशवी आपल्या खुर्चीच्या पाठीला अडकवली.

मी बघतच राहिले. म्हटलं, असं सगळ्यांचं ठेवता? म्हणाला, "विचारलं तर ठेवतो. कुणी विचारत नाही. प्रत्येकाकडे एक बाई असते."

जिन्यात बराच वेळ मी तेच म्हणत होते. प्रत्येकाकडे एक बाई असते. जिना गोल, भिंत गार, कुबट वास. दोनदा टेकले. मागून एक जोडपं आलं, त्यांना पुढे जाऊ दिलं.

वर धुकं नव्हतं.

जाऊबाई खोटं बोलल्या नाहीत, जग दिसतं खरंच. पाण्याला इतके रंग असतात? काठाशी मातकट, मग हिरवट, मग जिथे काहीच नाही तिथे नुसतं चकाकणं. जहाज एकच होतं. जागचं हलत नव्हतं, आणि मी जरा दुसरीकडे बघून परत बघितलं तर पुढे गेलेलं. बराच वेळ मी तोच खेळ खेळले. वाऱ्याने कान दुखायला लागले तरी निघवेना.

मग म्हटलं, हे कुठे उभे होते ते बघू. उलट्या बाजूला गेले, गावाकडे तोंड करून. तिथून छपरं दिसतात, रस्ता दिसतो, फाटक दिसतं. आणि खाली बदामाचं झाड. पानं झडलेली. बाक अगदी स्पष्ट दिसत होता. बाकाशेजारी एक कुत्रं अंग खाजवत होतं, ते मागच्या पायाने खाजवतंय हेसुद्धा दिसत होतं.

खाली आले तेव्हा ऊन फिरलं होतं. तिकीटवाल्याने खुर्ची सावलीत ओढून घेतली होती, पिशवीसकट.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

काल रात्री उशिरा पोचले. दुकानात पाऊल टाकलं तर जळका वास. कुणाचा तरी निळा शर्ट, खिशावर इस्त्रीचा नावेसारखा डाग उमटलेला. हे खाली मान घालून म्हणाले, मी भरपाईचं बोललोय त्याच्याशी. मला खरं तर हसू येत होतं.

चहा घेताना विचारलं, "काय दिसलं?"

म्हटलं, "काही नाही. धुकं होतं."

कप तसाच राहिला यांच्या हातात.

२४ फेब्रुवारी, सोमवार

मी विचारत नाही, हे सांगत नाहीत. दोघं एकाच टेबलाला समोरासमोर इस्त्री करतोय. आज माझी पिशवी यांनी कोपऱ्यातून उचलून बघितली, नुसतं वजन बघितलं, आणि ठेवली.

पोरीला फोनवर सगळं सांगितलं. चादर, टॉवेल, तिकीटवाला. ती म्हणाली, आई, तू आता मला शिकव. धुक्याचं तेवढं तिला सांगितलं नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

जाऊबाई डोंगरासाठी घेतलेली नवी बॅग दाखवायला आल्या. चाकांची, कपाटाएवढी. त्या गेल्यावर हे हसून बोलून गेले, "हिला लाथ मारलीस तर पळत सुटेल. त्या जुन्या बॅगेसारखी आडवी नाही व्हायची. आणि मग परत रुमालाने पुसत बसायला नको."

पुसली होती मी. रुमालाने, कडेची माती. ती लाथ मी कुणाला सांगितली नाही, आणि पुसलेलं तर या वहीतसुद्धा लिहिलं नव्हतं.

हे एकदम थांबले. मग म्हणाले, तुला वाईट वाटू नये म्हणून धुकं म्हटलं.

म्हटलं, "ते मला वर गेल्यावरच कळलं. ते मी विचारत नाहीये. सगळा वेळ मी दिसत होते, तर खाली का नाही आलात? रविवारपर्यंत सांगा. जाऊबाईंकडे पैसे त्याच दिवशी भरायचेत, तुमच्या एकट्याचे भरायचे की दोघांचे, ते मी तुमच्या उत्तरावर ठरवीन."