पाचवा कॅन

३ फेब्रुवारी
नाहीच सापडलं! माती, मुळं, पालापाचोळा, खोडाचा भुसा — सगळं यंत्रातून काढलं. बाबांनी बावीस वर्षांपूर्वी रानातल्या त्या तुकड्यावर ओतलेलं पाच कॅन खुणेचं नत्र. साध्यापेक्षा जरा जड, म्हणून कुठंही गेलं तरी यंत्र ओळखतं. चार हिस्से मिळतात, पाचवा गायब.
घरी आले तर दारातच बाबा — "सापडलं का?" माणूस निवृत्त झाला, प्रश्न काही निवृत्त होत नाही.

६ फेब्रुवारी
डोकं चक्रावलंय. बाबांनी तेव्हा छापलं — पाचवा हिस्सा हवेत उडून जातो. सगळीकडे तोच आकडा वापरतात, त्यांचं नाव आहे ते त्यावरच. पण मागच्या वर्षी मी शेजारच्या तुकड्यावर तसेच पाच कॅन ओतले, तर हवेत गेलं ते चिमूटभर! दोघांपैकी एक चुकलंय. चुकलेली मीच निघावी, असं मनापासून वाटतंय.

७ फेब्रुवारी
"सापडलं का?" — नाही, बाबा, नाही! उगाच खेकसले त्यांच्यावर.

११ फेब्रुवारी
यंत्र नीट चालतंय ना, हे बघायला रोज एक बिनखुणेचं पान लागतं. नेहमीचं रस्त्याकडेचं झाड छाटून टाकलंय, म्हणून घरामागच्या आईच्या झाडाचं खुडून नेलं. प्रयोगशाळेतल्या मदतनीस बाई ओरडल्या, "मॅडम, मशीनला वेड लागलंय!" जड नत्राचा आकडा गगनाला भिडलेला. मी त्यांनाच झापलं — चिमटा धुतला नसणार. "तीनदा धुतला हो," म्हणाल्या बिचाऱ्या.

१२ फेब्रुवारी
नवं पान, नवा चिमटा. तोच आकडा. बाईंची माफी मागितली.
बाबांनी नत्र ओतलं त्या वर्षी आई अंथरुणाला खिळली होती. झाड तेव्हा गुडघाभर होतं. पुढचं लिहवत नाही.

१३ फेब्रुवारी
बाबांसमोर पान ठेवलं. त्यांनी चष्मा काढून ठेवला. मग म्हणाले, "पिवळं पडलं होतं गं. तुझ्या आईचा सगळा जीव त्या रोपात, खिडकीतून बघत राहायची. चार कॅन तिकडे ओतले, पाचवा घरी आणला. मग ती गेली... आणि कागदावर पाच ते पाचच राहिले."
राग आला. फार आला. रडूही.
"दुरुस्ती छापावी लागेल, बाबा. तुमच्या नावानं."
"चष्मा दे," म्हणाले. "मीच लिहितो."

१६ फेब्रुवारी
दुरुस्तीचं पत्र टाकलं. येताना विचारलं, रोज का विचारायचात?
"स्वतःहून सांगायचा धीर होत नव्हता. म्हटलं, तू शोधशील."