मोटरीतला बल्ब

आई,

मोटरीच्या पोटात ठेवलेला बल्ब मी बंद करायला विसरलेलो नाय, मुद्दाम चालू ठेवलाय. त्याच्या उबेनं वाइंडिंगचं वार्निश वाळतं. तू तो परत बंद केलास. आत्ता मेगरच्या मीटरनं तपासलं तर वाइंडिंगमधली ओल तशीच आहे. अशी मोटर जोडली तर करंट बॉडीत उतरेल. मोटरीची केबल तेवढी चांगली निघाली, तेवढंच बरं.

मी पडेगावला कामावर चाललोय. लई थकलोय गं, भांडायचं त्राण नाय. बल्ब परत लावलाय, आज त्याला हात लावू नको.

मोटर कुणाची, म्हणून विचारत होतीस ना? सांडूमामाची. तुमचं बोलणं बंद, म्हणून सांगितलं नव्हतं. मामी रोज विहिरीवर चिखलात अनवाणी उभी राहून ती चालू करते.

ऋतुराज